अख्खी काच

बाईंच्या कार्यालयात एक नियम होता, आणि त्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची. सभागृहात मांडायच्या मुद्द्यांचं कार्ड समोर आलं की बाई एकेका मुद्द्यावर बोट ठेवत आणि विचारत, "हे कुणी पाहिलं?" "असं म्हणतात, बाई" किंवा "सगळ्या गावाला माहीत आहे, बाई" असली उत्तरं चालत नसत. पाहणारं माणूस समोर उभं राहिलं नाही, तर मुद्दा खोडला जायचा. आमदार होण्याआधी बाई शाळेत गणित शिकवायच्या. शाळा सुटली पण खोडरबर सुटला नाही, असं पीए म्हणायचे. अर्थात बाई ऐकण्याच्या अंतरावर नसताना.

कार्यालयात सुट्टीपुरत्या आलेल्या मुलीला मात्र हा नियम पहिल्या दिवसापासून आवडला होता. ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. सुट्टीत बाहेरच्या जगात काहीतरी काम करून या, असं कॉलेजने सांगितलं, तेव्हा मैत्रिणी बँकांत आणि औषधांच्या कंपन्यांत गेल्या. हिने आमदारांचं कार्यालय निवडलं. पहिल्या सकाळी दारात उभी राहून ती म्हणाली होती, "मी इथे उमेदवारी करायला आलेय."

पीएंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं होतं. "कुठल्या पक्षाकडून?"

पुढे कुणी तक्रार घेऊन आलं आणि "रस्त्यात हा एवढा खड्डा आहे" म्हणालं, की ही वही काढून विचारायची, "एवढा म्हणजे केवढा?" तेव्हा तिला 'मोजपट्टी' हे नाव पडलं ते पडलंच. तिला त्याचा राग नव्हता. खरं तर जरा अभिमानच होता.

त्या सकाळी तर मोजपट्टी स्वतःवर बेहद्द खूश होती. बाईंची लक्षवेधी सूचना त्या दिवशी सभागृहात येणार होती. म्हणजे बाई प्रश्न मांडणार आणि मंत्र्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागणार. त्या कार्डावरचा तिसरा मुद्दा तिचा होता.

प्रकरण असं होतं. बाईंच्या मतदारसंघात नदीच्या अलीकडे एक जुनं सरकारी प्रसूतिगृह होतं. ते बंद करायचं आरोग्य खात्याने ठरवलं. कारण काय, तर भिंतीला तडा गेलाय आणि तो वाढतोय. लोकांचा यावर काडीचाही विश्वास नव्हता. तडा कसला वाढतोय, खात्यातल्या साहेबांचा त्या जागेवरचा लोभ वाढतोय, असं ते म्हणत. दुसरं प्रसूतिगृह पुलापलीकडे, आणि पुलावरच्या गर्दीत अडकून रिक्षातच बाळंत झालेल्या बायकांचे किस्से त्या भागात सगळ्यांना तोंडपाठ. त्यामुळे प्रसूतिगृह वाचवायचं, हे बाईंच्या कार्यालयात देवाच्या शपथेइतकं पक्कं होतं.

परवा ती आणि मामा ते बघायला गेले होते. मामा कुणाचेच सख्खे नव्हते आणि सगळ्यांचेच होते. गळका नळ, अडलेलं दार, रुसलेला कार्यकर्ता, सगळ्यावर मामांकडे इलाज असायचा. त्यांनी तिला वॉर्डाच्या बरोबर खालच्या कोठीत नेलं. जुन्या खाटा आणि चादरींच्या गठ्ठ्यांमागे भिंतीवर तो तडा होता, जमिनीपासून छतापर्यंत गेलेला. आणि तड्यावर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे.

ती पट्टी पाहताच तिला हसू फुटलं होतं. ही युक्ती तिला माहीत होती. तडा जिवंत आहे की मेलेला, हे ओळखायला अभियंते अशी काच लावतात. भिंत केसभर जरी सरकली तरी काच फुटते. काचेला ना वशिला कळतो, ना धमकी. आणि ही काच अख्खी होती. तिने फोटो काढला, पट्टी मापली आणि तरंगत परत आली.

"हे कुणी पाहिलं?" बाईंनी तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवून विचारलं होतं.

"मी, बाई. माझ्या डोळ्यांनी."

बाईंचं बोट जरा वेळ तिथेच थांबलं. मग त्यांनी मुद्दा न खोडता कार्ड मिटलं होतं. मुद्दा असा होता: तडा वाढत असल्याचा खात्याचा दावा खोटा आहे, खात्यानेच लावलेली काच आजही अख्खी आहे.

आता बाई सभागृहात होत्या. कार्यालय विधानभवनाच्या समोरच, रस्ता ओलांडला की दार. भिंतीवरच्या टीव्हीवर कामकाज चालू होतं. प्रश्नोत्तरं संपत आली होती. पीए एक डोळा टीव्हीवर आणि एक फोनवर ठेवून बसले होते. तेवढ्यात मामा आत आले, रात्रभर जागलेले आणि तरीही फुललेले. आदल्या दिवशी त्यांची लेक त्याच प्रसूतिगृहात बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, आणि तिचं नाक आपल्यावर गेलंय हे मामा भेटेल त्याला सांगत होते.

"नाक तुमच्यावर गेलंय म्हणजे पोरीचं अवघडच आहे," पीए म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं." मामांनी खुर्ची ओढली. "काय मोजपट्टीबाई, आज तुमच्या काचेचा नंबर ना?"

"माझी कसली, मामा? खात्याची काच."

"खात्याची?" मामा हसले. "खात्याची केव्हाच गेली. ही माझी आहे."

तिला वाटलं, मामा नेहमीसारखी फिरकी घेतायत. "तुमची म्हणजे?"

"अहो, खात्याने लावली होती ती पापुद्र्यासारखी. तडकली. मी दुसरी लावली, तीही गेली. म्हटलं, एवढा मोठा तडा धरून ठेवायचा तर काच दणकट पाहिजे. मग टेबलावर असते ना, तसल्या जाड काचेची पट्टी कापून आणली. तुम्ही बघायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळीच बसवली. प्लास्टरही नवं केलं. पाहायला माणूस येणार म्हटल्यावर फुटकी काच काय दाखवायची?"

मोजपट्टीच्या पोटात खड्डा पडला. एवढा म्हणजे केवढा, ते या खेपेला तिला कुणी विचारलं नाही.

तिला ते प्लास्टर आठवलं. मळक्या भिंतीवर पांढरं शुभ्र. अभियंते प्लास्टरवर तारीख कोरतात, हेही तिला ठाऊक होतं, आणि तिथे तारीख नव्हती, हेही तिने पाहिलं होतं. सरकारी काम, विसरले असतील, असं म्हणून ती पुढे गेली होती. तिला काच अख्खी हवी होती. म्हणून काच कधीची, हे तिने विचारलंच नव्हतं.

"मामा," ती म्हणाली, "काच तडा धरून ठेवायला नसते."

"मग कशाला असते?"

"फुटायला. फुटली की कळतं, भिंत सरकतेय."

मामांचं हसू एकदम गेलं नाही. ते चेहऱ्यावर राहिलं, पण त्याच्यामागे काही उरलं नाही. "म्हणजे त्या दोन फुटल्या त्या..."

"हो."

"माझी पोर वर आहे," मामा म्हणाले. "त्याच भिंतीला लागून खाट आहे तिची."

ती पीएंच्या टेबलाकडे वळली. पीएंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी फोन उपडा ठेवला होता, आणि ते फोन उपडा ठेवत तेव्हा कार्यालयात सगळे गप्प होत.

"बाईंना चिठ्ठी पाठवायला हवी," ती म्हणाली.

"बस जरा."

"बसायला वेळ नाहीये."

"बस म्हणतो ना." पीए हळू आवाजात बोलले. "नीट ऐक. मंत्री आज नमतं घेणार आहेत. काल माझं त्यांच्या माणसाशी बोलणं झालंय. प्रसूतिगृह बंद होणार नाही, असं आश्वासन ते देणार. ते एकदा नोंदीवर आलं की कुणाचा बाप ते बंद करू शकत नाही. मग उद्या आपणच जाऊन सांगू, भिंतीची दुरुस्ती करा. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. आत्ता चिठ्ठी गेली तर बाई भर सभागृहात तोंडघशी पडतील आणि प्रसूतिगृहही जाईल. वर्षानुवर्षं यासाठी भांडतोय आम्ही. तू आत्ता आलीस."

यात काही खोटं नव्हतं. आणि तीच अडचण होती. खोटं असतं तर खोडता आलं असतं.

"आणि उद्यापर्यंत भिंत थांबली नाही तर?"

"एवढी वर्षं थांबलीय."

"काचा किती लवकर फुटतायत ते महत्त्वाचं आहे. ही जाड आहे. ही अजून अख्खी असेल तर तुमचं ऐकते मी. उद्या सांगू." ती मामांकडे वळली. "जावई तिथेच आहेत ना? त्यांना खाली कोठीत जाऊन काच बघायला सांगा."

मामांनी फोन काढला, पण दोनदा भलताच नंबर लागला. शेवटी तिनेच लावून दिला आणि आवाज मोठा केला. जावई झोपेतून उठल्यासारखा बोलत होता. काच, कुठली काच, चादरींच्या गठ्ठ्यामागची, हो हो, जातो. मग जिन्यावरची पावलं ऐकू आली. टीव्हीवर अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला, आणि बाईंच्या लक्षवेधीआधी आता एकच सदस्य उरला. तो कालव्याच्या गेटवर बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, हा माणूस अजून लांबण लावेल तर बरं.

फोनमध्ये दार करकरलं. काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

"दिसली," जावई म्हणाला.

"अख्खी आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

मामांनी डोळे मिटले.

"नीट सांगा. नुसता ओरखडा आहे की तुटलीय?"

"दोन तुकडे झालेत. मध्ये फट आहे. नख जातंय आत." तो थांबला. "आणि खाली जमिनीवर पांढरी पूड पडलीय. ताजी दिसतेय. काय झालंय? मामंजी?"

पीएंनी खिशातलं पेन काढलं होतं. चिठ्ठी त्यांच्या सहीशिवाय सभागृहाच्या दारावर घेत नसत. ते तिच्याकडे पाहत नव्हते, मामांकडेही नाही. कोऱ्या कागदाकडे पाहत होते. मग त्यांनी आधी सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"काय लिहायचं ते तू लिही," ते म्हणाले. "थोडक्यात लिही. बाई लांबलचक वाचत नाहीत."

तिने लिहिलं: तिसरा मुद्दा चूक. काच बदललेली होती. नवी जाड काचही फुटली, फटीत नख जातं. पाहणारा: मामांचा जावई, आत्ता. चूक माझी.

मामा तोवर दाराबाहेर पडले होते, प्रसूतिगृहाच्या दिशेने, फोनवर जावयाला लेकीची खाट भिंतीपासून दूर ओढायला सांगत. ती विधानभवनाकडे धावली. गळ्यातला पास दाखवत, पायऱ्या चढत, सभागृहाच्या दारापाशी पोचली तेव्हा बाहेरच्या स्पीकरमधून बाईंचा आवाज येत होता. बाई उभ्या होत्या.

दारावरच्या शिपायाने सही पाहिली, चिठ्ठी घेतली आणि खिशात ठेवली.

"आत्ता द्यायची आहे," ती धापा टाकत म्हणाली.

"सदस्य उभे असताना चिठ्ठी देत नाहीत. बसल्या की देतो."

"बसेपर्यंत त्या बोलून टाकतील."

"मग बोलून झाल्यावर देतो." तो चिडला नव्हता, नियम सांगत होता. ती रोज असंच बोलत असे, हे तिला त्या क्षणी उमगलं आणि मुळीच आवडलं नाही.

दाराला काचेचा झरोका होता. त्यातून बाई एका बाजूने दिसत होत्या, हातात कार्ड. पहिला मुद्दा झाला. दुसरा चालू होता, पुलावरच्या गर्दीचा. बाईंच्या शेजारच्या आसनावर एक म्हातारे सदस्य हनुवटी छातीवर टेकवून बसले होते. कार्यालयात त्यांना सगळे 'समाधी' म्हणत.

"शेजारचे बसलेत ना?" ती म्हणाली.

"बसलेत की झोपलेत, ते विचारा."

"बसलेल्या सदस्याला देता येते ना चिठ्ठी? त्यांना द्या. नियम मोडत नाही."

शिपायाने क्षणभर विचार केला. बहुधा असं कुणी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मग तो कमरेत वाकून आत शिरला. बाकांमधून तो इतका हळू चालला की तिला झरोक्यातून हात घालून त्याला ढकलावंसं वाटलं. बाईंचं बोट कार्डावर खाली सरकलं.

"अध्यक्ष महोदय," स्पीकरमधून आवाज आला, "खात्याने स्वतः लावलेली काच आजही अख्खी आहे. माझ्या कार्यालयातल्या मुलीने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे."

बाकं वाजली. बाई बसल्या. मंत्री उठले, हसतमुख.

शिपाई समाधींपाशी पोचला होता. समाधींनी डोळे उघडले, चिठ्ठी उलटसुलट केली, चष्मा शोधला. वाचली. पुन्हा वाचली. मग डोकंही न हलवता त्यांनी ती बाईंच्या मांडीवर टाकली आणि पुन्हा डोळे मिटले.

"सन्माननीय सदस्यांच्या भावनांचा आदर करून," मंत्री म्हणत होते, "शासन या प्रसूतिगृहाबाबत असं आश्वासन देऊ इच्छितं, की..."

बाई उभ्या राहिल्या.

"मंत्री उत्तर देत आहेत," अध्यक्ष म्हणाले. "खाली बसा."

बाई बसल्या नाहीत. "मी मांडलेली माहिती चुकीची आहे. ती दुरुस्त होईपर्यंत त्यांनी उत्तर देऊ नये."

सभागृहात हशा पिकला. समोरच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बाई, पेपर आधी तपासायचा असतो."

"तपासतेच आहे," बाई म्हणाल्या. "माझा मुद्दा चुकलाय. काच फुटली आहे. तडा वाढतोय. खात्याचं म्हणणं खरं होतं, माझं खोटं. त्या वॉर्डातल्या बायका आणि बाळं तिथून आत्ता हलवा. पुलापलीकडे नाही. त्याच रस्त्यावरची शाळा सुट्टीमुळे रिकामी आहे, तिथे. आश्वासन मला नंतर द्या."

"आम्ही तपासून घेऊ," मंत्री म्हणाले. त्यांचं हसू आता कुठे ठेवावं, हे त्यांना कळत नव्हतं.

"तपासणारा माणूस त्या भिंतीपुढे उभा आहे. तुम्ही तपासायला निघाल तोवर त्याला उभं ठेवू का?"

यावर कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी मंत्र्यांकडे पाहिलं, आणि वॉर्ड लगेच रिकामा करण्याचा निर्देश दिला. आश्वासन आलंच नव्हतं. पीए म्हणाले होते तसंच सगळं झालं होतं.

बाई बाहेर आल्या. त्यांनी तिला ओरडावं असं तिला वाटत होतं. बाईंनी ते केलं नाही.

"काच कुणी बदलली?"

तिने गळ्यातल्या पासची दोरी बोटाला गुंडाळली.

"मामांनी," बाईंनीच उत्तर दिलं. "तड्याला आधार म्हणून. दुसरं कोण करणार. आणि काच कधीची, हे तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"मीही तुला विचारलं नाही. कुणी पाहिलं तेवढंच विचारलं." बाईंनी कार्ड पर्समध्ये टाकलं. "चल. आता लोकांचं ऐकून घ्यायचंय. ते सोपं नसतं."

सोपं नव्हतंच. प्रसूतिगृहाच्या फाटकाशी माणसं जमली होती. आत खाटा हलवायला सुरुवात झाली होती, पण हात कमी पडत होते, कारण निम्मे लोक मदत करायलाच तयार नव्हते. वॉर्ड एकदा रिकामा झाला की पुन्हा उघडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मामा पायरीवर उभे होते, दुपट्यातली नात छातीशी धरून.

"आम्ही तुम्हाला दवाखाना वाचवायला पाठवलं होतं," एक जण बाईंना म्हणाला. "तुम्ही तर आपल्या हाताने कुलूप लावलंत."

"मंत्र्यांनी किती दिले?" मागून कुणीतरी विचारलं.

बाईंनी मान वळवली नाही. "भिंत पडली असती तर मला कुणी काही विचारलं नसतं," त्या म्हणाल्या. "पडली नाही तर जन्मभर विचाराल. विचारा. शाळेत वॉर्ड चालू झाला नाही तर मी त्याच शाळेच्या पायरीवर बसेन."

गर्दीतून एक धिप्पाड बाई पुढे आली. तिची सून वर होती, अजून मोकळी व्हायची होती. जिन्याच्या तोंडाशी ती आडवी उभी राहिली. "माझी सून इथून हलणार नाही. भिंत सरकतेय, भिंत सरकतेय. कुणी पाहिलं?"

मोजपट्टीला वाटलं, हा प्रश्न आता आपला पिच्छा सोडणार नाही.

"मी पाहिलं होतं, आणि चुकीचं पाहिलं," ती म्हणाली. "आता तुम्हीच बघा. आत जायचं नाही, दारातूनच."

कोठीच्या दारात उभी राहून तिने मोबाईलचा उजेड तड्यावर टाकला. काच आता नुसती फुटलेली नव्हती. तिचं खालचं टोक प्लास्टरसकट सुटून लोंबत होतं. ती सासू बराच वेळ बघत राहिली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खाट ओढली, आणि तड्यातून बारीक पूड झरली. दोघींनी ती पाहिली.

सासू वळली आणि सरळ जिना चढली. मोजपट्टी तिच्यामागे गेली. वर वॉर्डात भिंतीलगतच्या खाटेवर तिची सून पोटावर हात ठेवून, घाबरलेल्या डोळ्यांनी पडली होती. सासूने पदर खोचला, खाटेची उशाकडची बाजू धरली आणि मागे वळून पाहिलं.

"नुसती बघत काय उभी राहिलीस?" ती म्हणाली. "ते टोक धर."